रॉयल्टी स्टेटमेंटची वर्गवारी : गाण्याचे उत्पन्न नेमके कोठून येते हे कसे शोधावे

सांगली, मिरज, तासगाव, विटा, जत या पट्ट्यात स्वतःचे ध्वनिमुद्रण स्वतःच प्रसिद्ध करणाऱ्या कलावंतांची संख्या अलीकडे बरीच वाढली आहे. त्यांत भजनी मंडळे आहेत, शाहिरी पथके आहेत, हळदीची आणि बैलगाडा शर्यतीची गाणी करणारे तरुण आहेत आणि जुन्या मैफलींचे ध्वनिमुद्रण जपून ते आता लोकांपुढे आणणारी मिरजेतील कुटुंबेही आहेत. गाणे जगभर पोहोचवणे सोपे झाले असले तरी त्यातून आलेल्या पैशाचा हिशेब वाचणे अजून सोपे झालेले नाही. दर महिन्याला किंवा दर तिमाहीला रॉयल्टी स्टेटमेंट, म्हणजे गाण्याच्या वापरापोटी मिळालेल्या मोबदल्याच्या हिशेबाची एक फाइल येते, तिच्यात हजारो ओळी असतात, प्रत्येक ओळीत काही पैसे किंवा पैशाचा एखादा अंश असतो आणि शेवटी एक बेरीज असते. बहुतेक जण ती बेरीज पाहतात आणि फाइल मिटतात. त्या बेरजेवरून रक्कम कळते. ती कोणत्या गाण्यामुळे आली, कोणत्या हक्कापोटी आली, तिच्यातला कोणता भाग दरवर्षी येणारा आहे आणि कोणता एकदाच येऊन थांबणारा आहे, यांपैकी काहीही तिच्यावरून कळत नाही.

हे कळायचे असेल तर प्रत्येक ओळीची वर्गवारी करावी लागते. त्यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. एक्सेल किंवा गुगल शीट्स आणि ठरवून दिलेली शिस्त एवढे पुरते. ती शिस्त कशी बसवावी, हे पुढे सविस्तर सांगितले आहे.

प्लॅटफॉर्मच्या आधी हक्क पाहावा

वर्गवारी करायला बसलेला माणूस सहसा पहिली विभागणी प्लॅटफॉर्मनुसार करतो. यूट्यूबचे इतके, स्पॉटिफायचे इतके, जिओसावनचे इतके, अशी यादी तयार होते. ही यादी दिसायला नेटकी असते, पण विश्लेषणाला ती फारशी उपयोगी पडत नाही, कारण एकाच प्लॅटफॉर्मवरून वेगवेगळ्या हक्कांचे पैसे वेगवेगळ्या वाटांनी येत असतात. म्हणून पहिली विभागणी हक्कानुसार करावी, असे माझे ठाम मत आहे.

एका ध्वनिमुद्रित गाण्यात किमान दोन स्वतंत्र मालमत्ता असतात. पहिली म्हणजे रचना, अर्थात शब्द आणि चाल, जिचे मूळ हक्क गीतकार व संगीतकार यांच्याकडे असतात. दुसरी म्हणजे ध्वनिमुद्रण, ज्याला व्यवहारात मास्टर म्हणतात आणि ज्याचे हक्क निर्मात्याकडे किंवा लेबलकडे, म्हणजे संगीत कंपनीकडे, असतात. यांच्या जोडीला गायक व वादक यांचा कलावंत म्हणून असलेला हक्क येतो. प्रतिलिप्यधिकार (कॉपीराइट) कायदा १९५७ चा असला तरी २०१२ च्या दुरुस्तीने या व्यवहाराचे चित्र बरेच बदलले. गीतकाराने किंवा संगीतकाराने आपले हक्क निर्मात्याला लिहून दिले असले तरी चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता इतर वापरांतून मिळणाऱ्या रॉयल्टीत त्याचा समान वाटा कायद्याने राखून ठेवला आहे आणि तो वाटा करार करून सोडून देता येत नाही. त्यामुळे ‘मी गाणे विकून टाकले, आता माझा संबंध नाही’ असे समजणाऱ्या गीतकाराच्या नावावरही पैसे जमा होत असू शकतात. ते कोठे जमा होतात हे हक्कानुसार वर्गवारी केल्याशिवाय दिसत नाही.

यूट्यूबचेच उदाहरण घ्यावे. कलावंताच्या स्वतःच्या चॅनेलवरील जाहिरातींचे पैसे ॲडसेन्स या गुगलच्या जाहिरात-सेवेतून थेट येतात. तेच गाणे दुसऱ्या कोणी आपल्या व्हिडिओत वापरले तर कंटेंट आयडी या गाणे ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेच्या दाव्यातून मिळणारे पैसे डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे गाणे निरनिराळ्या प्लॅटफॉर्मवर पोहोचवणाऱ्या कंपनीच्या, स्टेटमेंटमध्ये येतात. यूट्यूब म्युझिकवर गाणे ऐकले गेले तर ते उत्पन्नही डिस्ट्रिब्युटरकडूनच येते, मात्र वेगळ्या ओळीत. रचनेच्या हक्काचा वाटा या तिघांपासून निराळा असतो आणि सभासद असलेल्या गीतकार-संगीतकाराला तो इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी या संस्थेमार्फत मिळतो. चार वाटांनी आलेली ही रक्कम ‘यूट्यूब’ या एका नावाखाली घातली, तर स्वतःच्या चॅनेलचे प्रेक्षक घटले आणि लोकांनी आपल्या व्हिडिओंत गाणे वापरण्याचे प्रमाण वाढले, अशा वर्षी बेरीज जवळजवळ तेवढीच राहील आणि बदल लक्षातच येणार नाही.

कोणती स्टेटमेंट येतात

सर्वसाधारणपणे चार-पाच प्रकारची स्टेटमेंट हाती येतात. डिस्ट्रिब्युटरची फाइल सर्वांत मोठी असते आणि तिच्यात ध्वनिमुद्रणाच्या हक्काचे पैसे असतात. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे, म्हणजे आयपीआरएसचे, स्टेटमेंट रचनेच्या हक्काचे असते आणि त्यात रेडिओ, दूरचित्रवाणी, जाहीर कार्यक्रम, डिजिटल सेवा, परदेशातील वापर असे स्रोत असतात. लेबलशी करार असेल तर लेबलचे स्वतंत्र स्टेटमेंट येते आणि त्यात बहुधा आगाऊ दिलेल्या रकमेची वसुली दाखवलेली असते. कॉलर ट्यूनचे उत्पन्न कधी डिस्ट्रिब्युटरच्या फाइलमध्ये तर कधी वेगळ्या कागदावर येते. जाहिरात, मालिका किंवा चित्रपटात गाणे वापरू दिल्याची रक्कम ही एकरकमी असते आणि तिला अनेकदा स्टेटमेंटच नसते, फक्त बिल आणि बँकेतील जमा असते. तीही या वर्गवारीत आली पाहिजे.

येथे एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. तासगावच्या किंवा कवठेमहांकाळच्या लग्नसराईत एखादे हळदीचे गाणे घरोघरी वाजत असते आणि त्याच्या कर्त्याला वाटते की याचे पैसे कोठेतरी अडकले आहेत. प्रतिलिप्यधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक विधी, लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित सामाजिक समारंभ यांतील वादनाला सूट दिलेली आहे. त्यामुळे त्या वापराची ओळ स्टेटमेंटमध्ये शोधू नये. त्या लोकप्रियतेचा पैसा येतो तो ऑनलाइन ऐकण्यातून आणि लोकांनी टाकलेल्या व्हिडिओंतून, आणि तो तेथेच शोधावा.

मूळ फाइलला हात लावू नये

आलेली फाइल जशीच्या तशी एका फोल्डरमध्ये ठेवावी. फाइलच्या नावात स्रोत, कालावधी आणि ती उतरवून घेतल्याची तारीख असावी, आणि काम नेहमी प्रतीवर करावे. पुढे कधी डिस्ट्रिब्युटरशी किंवा लेबलशी रकमेबाबत पत्रव्यवहार करायची वेळ आली तर न बदललेली मूळ फाइल हाच आपला पुरावा असतो.

स्टेटमेंट बहुधा सीएसव्ही या साध्या मजकुराच्या स्वरूपात येते; ती सीएसव्ही फाइल दोनदा क्लिक करून एक्सेलमध्ये उघडण्याची सवय सोडावी, कारण त्यातून तीन नुकसाने होतात. पहिले म्हणजे देवनागरीतील नावांच्या जागी चित्रविचित्र चिन्हे दिसू लागतात. दुसरे, अल्बमचा बारा किंवा तेरा अंकी यूपीसी क्रमांक एक्सेल संख्या समजून घेते, सुरुवातीची शून्ये गाळते आणि मोठा अंक घातांकाच्या रूपात दाखवते. तसाच जतन केला तर मूळ अंक कायमचे हरवण्याचा धोका असतो. तिसरे नुकसान सर्वांत छुपे आहे. अमेरिकी पद्धतीने लिहिलेली ०४/०३ ही तारीख ३ एप्रिल असते आणि आपल्याकडील सेटिंगमध्ये ती ४ मार्च होते, म्हणजे आर्थिक वर्षच बदलते. यावर उपाय असा की ‘डेटा’ मेनूतून फाइल आयात करावी, एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडावे, यूपीसी आणि आयएसआरसी (ध्वनिमुद्रणाचा संकेत) हे कॉलम ‘टेक्स्ट’ म्हणून घ्यावेत आणि तारखेचा क्रम स्वतः सांगावा. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. लहान कलावंताला ही मर्यादा आड येत नाही, परंतु अनेकांचे काम एकत्र पाहणाऱ्या निर्मात्याने वर्षाला एक फाइल ठेवलेली बरी.

गाण्यांची मुख्य यादी

वर्गवारीचा खरा पाया म्हणजे स्वतःच्या गाण्यांची एक मुख्य यादी. ती स्टेटमेंट येण्याआधी तयार असावी. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला एक ओळ द्यावी. तिच्यात आयएसआरसी, अल्बमचा यूपीसी, गाण्याचे देवनागरीतील प्रमाण नाव, गीतकार, संगीतकार, गायक, प्रत्येकाचा ठरलेला हिस्सा आणि रचनेची नोंद झालेली असल्यास तिचा आयएसडब्ल्यूसी लिहावा.

आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा संकेत ध्वनिमुद्रणाचा असतो. त्यातील पहिली पाच स्थाने नोंदणीधारकाचा उपसर्ग दाखवतात, पुढील दोन अंक संकेत दिल्याचे वर्ष दाखवतात आणि शेवटचे पाच अंक क्रमांकाचे असतात. वर्षाचे ते दोन अंक गाणे प्रसिद्ध झाल्याचे वर्ष नव्हे, हे ध्यानात ठेवावे. त्याचप्रमाणे परदेशी डिस्ट्रिब्युटरने दिलेला संकेत परदेशी उपसर्गाने सुरू होतो म्हणून गाणे परदेशी ठरत नाही. आयएसडब्ल्यूसी हा संकेत मात्र रचनेचा असतो. एकच अभंग एकाच नव्या चालीत तीन गायकांनी गायला असेल तर आयएसडब्ल्यूसी एक आणि आयएसआरसी तीन, असे नाते होते. डिस्ट्रिब्युटरची फाइल आयएसआरसीवर जुळवावी आणि आयपीआरएसचे स्टेटमेंट रचनेवर जुळवावे. दोन्ही एकत्र आणण्याचा दुवा फक्त या मुख्य यादीतच असतो.

नावावर जुळवणी करणे शक्यतो टाळावे. रोमन लिपीत ‘विठ्ठल’ हे नाव चार-पाच प्रकारे लिहिलेले सापडते. देवनागरीत तर याहून सूक्ष्म अडचण आहे. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’, ‘सुऱ्या’ अशा शब्दांतील अर्धा र संगणकावर दोन वेगळ्या पद्धतींनी टंकित होतो. एका पद्धतीत ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरले जाते, तर दुसरीत साध्या र नंतर डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह येते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण व्हीलुकअप हे एक्सेलमधील शोधसूत्र त्यांना वेगळे शब्द मानते आणि ‘सापडले नाही’ असे उत्तर देते. ज्या जुन्या गाण्यांना स्टेटमेंटमध्ये संकेतच दिलेला नाही, त्यांच्यासाठी ‘पर्यायी नावे’ अशी वेगळी शीट करावी. तिच्यात आढळलेले प्रत्येक रूप एका बाजूला आणि आपला संकेत दुसऱ्या बाजूला लिहावा. हे काम कंटाळवाणे आहे खरे, पण एकदा केले की पुढील प्रत्येक तिमाहीत उपयोगी पडते.

पारंपरिक शब्दांबद्दल दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे, कारण आपल्या भागातील बरेचसे ध्वनिमुद्रण संतवाङ्मयाचे किंवा जुन्या लावण्या-पोवाड्यांचे असते. शब्द व संगीत यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्ष येथे जन्मलेले पठ्ठे बापूराव १९४५ मध्ये वारले, त्यामुळे त्यांच्या शब्दांवरील हक्काची मुदत २००५ अखेर संपली आहे. संतांच्या अभंगांबाबत तर प्रश्नच येत नाही. अशा गाण्यात शब्दांचा हिस्सा ‘पारंपरिक’ म्हणून लिहावा आणि नवी चाल असल्यास तिचा हिस्सा संगीतकाराच्या नावे ठेवावा. ध्वनिमुद्रणाचा हक्क यापासून पूर्णपणे वेगळा असून तो प्रसिद्धीनंतर साठ वर्षे चालतो. जुन्या शब्दांचे नवे ध्वनिमुद्रण केले तर मास्टरचे पूर्ण उत्पन्न निर्मात्याचेच राहते.

प्रत्येक ओळीला कोणती लेबले द्यावीत

मूळ कॉलमना धक्का न लावता उजव्या बाजूला आपले स्वतःचे कॉलम जोडावेत. सर्वप्रथम हक्क लिहावा. त्यात रचना, ध्वनिमुद्रण, कलावंताचा हक्क आणि एकरकमी परवाना असे चारच पर्याय ठेवावेत. त्यानंतर वापराचा प्रकार यावा. सशुल्क सदस्यत्वातून ऐकणे, जाहिरातींसह मोफत ऐकणे, डाउनलोड, स्वतःच्या चॅनेलवरील व्हिडिओ, इतरांच्या व्हिडिओवरील दावा, शॉर्ट व्हिडिओ, कॉलर ट्यून, रेडिओ-दूरचित्रवाणी आणि जाहीर कार्यक्रम एवढे प्रकार बहुतेकांना पुरतात. प्लॅटफॉर्म आणि देश त्यानंतर लिहावेत. मग वापराचा महिना, पैसे जमा झाल्याचा महिना आणि ओळीचे स्वरूप हे कॉलम येतात.

ओळीचे स्वरूप म्हणजे ती नेहमीच्या उत्पन्नाची ओळ आहे, मागील काळाची दुरुस्ती आहे, परतावा आहे, कर आहे, शुल्क आहे की आगाऊ रकमेची वसुली आहे, हे. वजा रकमेच्या ओळी पुसून टाकण्याचा किंवा दुसऱ्या ओळीत मिळवून टाकण्याचा मोह होतो. तसे करू नये. बाजारात हळद विकल्यावर मिळणाऱ्या पट्टीत मालाची ढोबळ रक्कम, हमाली आणि तोलाई जशी वेगवेगळी लिहिलेली असते, तशीच येथेही प्रत्येक वजावट आपल्या जागी उभी राहिली पाहिजे. कमाई घटली की वजावट वाढली, हे त्याशिवाय सांगता येत नाही.

पर्यायांची नावे ‘डेटा व्हॅलिडेशन’ वापरून यादीतूनच निवडता येतील अशी व्यवस्था करावी. एका ठिकाणी ‘कॉलर ट्यून’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘कॉलरट्यून’ लिहिले गेले तर पिव्होट टेबलमध्ये, म्हणजे गटवार बेरजांच्या तक्त्यात, दोन वर्ग तयार होतात. स्टेटमेंटमधील मूळ शब्द आणि आपला वर्ग यांचा एक कोष्टक-शीट ठेवावा आणि व्हीलुकअपने लेबल आपोआप लागू द्यावे. ज्या ओळीचे शब्द कोष्टकात नाहीत ती ओळ ‘अवर्गीकृत’ म्हणून दिसावी. ‘इतर’ नावाचा वर्ग मात्र ठेवू नये, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. ‘अवर्गीकृत’ हे काम शिल्लक असल्याचे सांगते, तर ‘इतर’ काम संपल्याचा भास निर्माण करते आणि वर्षभरात त्या कप्प्यात बरेच काही साठत जाते.

अल्बम संपूर्ण विकला गेल्याची ओळ आली तर तिच्यात यूपीसी असतो आणि आयएसआरसी रिकामा असतो. ती रक्कम अल्बममधील गाण्यांत समान वाटावी आणि अशा ओळींवर ‘वाटप केलेली’ अशी खूण करावी. लेबलच्या स्टेटमेंटमध्ये कमाई दिसते पण देय रक्कम शून्य असते, कारण कमाई आगाऊ रकमेतून वळती होत असते. तेथे ‘कमावलेले’ आणि ‘मिळालेले’ हे दोन कॉलम वेगळे ठेवावेत. गाण्याची कामगिरी पहिल्यावरून मोजावी आणि घरखर्चाचे नियोजन दुसऱ्यावरून करावे.

दोन तारखा आणि तिथीचा प्रश्न

गाणे ऐकले गेल्याचा महिना आणि पैसे हाती आल्याचा महिना यांत दोन-तीन महिन्यांचे अंतर असणे नेहमीचे आहे. सोसायटीच्या वाटपात किंवा परदेशातून येणाऱ्या रकमेत ते याहून बरेच जास्त असते. आयकरासाठी आणि बँकेच्या ताळमेळासाठी दुसरी तारीख लागते. गाणे कसे चालते हे समजून घ्यायला पहिलीच तारीख लागते. केवळ जमा झाल्याच्या तारखेने आलेख काढला तर गणपतीचे गाणे दिवाळीनंतर चालते असा निष्कर्ष निघेल.

आपल्याकडील गाण्यांना आणखी एक पदर आहे. वारी, गणपती, नवरात्र आणि गावच्या यात्रा हे सगळे तिथीवर चालते, स्टेटमेंट मात्र इंग्रजी महिन्यांवर. आषाढी एकादशी २०२३ मध्ये २९ जूनला होती, २०२४ मध्ये १७ जुलैला आणि २०२५ मध्ये ६ जुलैला. म्हणजे २०२३ मध्ये लोणंद-फलटण मार्गाने पालखी चालली तो सगळा काळ एप्रिल-जून तिमाहीत गेला आणि त्यानंतरच्या दोन वर्षांत तो दोन तिमाहींत विभागला गेला. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे १९ सप्टेंबरला आली, २०२४ मध्ये ती ७ सप्टेंबरला होती आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. अशा स्थितीत विठ्ठलाच्या गाण्याची एप्रिल-जून तिमाही मागील वर्षाच्या त्याच तिमाहीशी, किंवा आरतीचा ऑगस्ट मागील ऑगस्टशी ताडून पाहिला तर गाणे अचानक पडले किंवा अचानक चढले असे दिसते. प्रत्यक्षात तिथी सरकलेली असते.

यावर उपाय म्हणून मुख्य यादीत प्रत्येक गाण्याला ‘हंगाम’ असे एक लेबल द्यावे. वारी, गणपती, नवरात्र, लग्नसराई, यात्रा किंवा बारमाही असे पर्याय पुरेसे आहेत. त्याच्या जोडीला एक लहान शीट करून प्रत्येक वर्षी त्या हंगामाची सुरुवात व शेवट कोणत्या महिन्यांत येतो ते पंचांग पाहून लिहून ठेवावे. मग तुलना महिन्याशी महिना न करता हंगामाशी हंगाम अशी करता येते. स्टेटमेंटमध्ये दिवसनिहाय आकडे नसले तर हंगामाला स्पर्श करणारे दोन्ही महिने एकत्र घ्यावेत. आपल्या भागातील भक्तिगीतांच्या उत्पन्नाचे विश्लेषण या एका लेबलाशिवाय करूच नये, असे मला वाटते. परदेशात तयार झालेल्या कोणत्याही साच्यात हा कॉलम मिळणार नाही, तो आपणच जोडायचा आहे.

चलन आणि कर

परदेशी डिस्ट्रिब्युटरची फाइल डॉलरमध्ये असते. एका ओळीतील रक्कम दशांश चिन्हानंतर सहा-आठ स्थानांपर्यंत जाते. ओळीच्या पातळीवर ती पूर्णांकात आणू नये, कारण हजारो ओळींत हरवलेले अंश मिळून ताळमेळ चुकतो. डॉलरमधील कॉलम कायम ठेवावा, रुपयांचा कॉलम वेगळा करावा आणि दर बँकेत रक्कम जमा झाली त्या दिवशी बँकेने प्रत्यक्ष दिलेला घ्यावा. गाण्याच्या चढउताराचा अभ्यास डॉलरमध्येच करावा, नाहीतर रुपयाच्या दरातील बदल गाण्याच्या खात्यावर पडतो.

देशातील संस्थेने किंवा लेबलने रॉयल्टी देताना ठरावीक मर्यादेपुढे साधारणतः १० टक्के टीडीएस कापलेला असतो. स्टेटमेंटमधील कपातीची ओळ आयकर पोर्टलवरील आपल्या खात्यातील नोंदीशी जुळवून पाहावी. यूट्यूबच्या बाबतीत अमेरिकेतील प्रेक्षकांपासून झालेल्या कमाईवर तेथील कर कापला जातो. भारतातील निर्मात्याने कराची माहिती भरून भारत-अमेरिका कराराचा लाभ मागितला तर हा दर १५ टक्के असतो. लाभ न मागितल्यास तो ३० टक्क्यांपर्यंत जातो आणि माहितीच न भरल्यास जगभरातील एकूण कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातील मराठी श्रोते हा काही कलावंतांचा मोठा वर्ग असल्याने ही ओळ किरकोळ समजू नये. जीएसटीची बाब आपल्या सनदी लेखापालाकडून समजून घ्यावी.

ताळमेळ

वर्गवारी पूर्ण झाली असे म्हणण्याआधी तीन बेरजा जुळल्या पाहिजेत. मूळ फाइलची बेरीज, आपल्या वर्गांची बेरीज आणि बँकेत आलेली रक्कम. एक काल्पनिक उदाहरण देतो. समजा, मिरजेतील एका भजनी मंडळाच्या डिस्ट्रिब्युटरच्या फाइलची तिमाहीची बेरीज रुपयांत १८,४०० आहे. वर्गवारीत सशुल्क सदस्यत्वातून ऐकण्याचे ७,९००, जाहिरातींसह ऐकण्याचे ३,१००, इतरांच्या व्हिडिओवरील दाव्याचे ५,६०० आणि शॉर्ट व्हिडिओचे १,२५० रुपये निघाले, मागील काळाची दुरुस्ती वजा १५० आहे आणि ७०० रुपये अवर्गीकृत आहेत. ही बेरीज १८,४०० येते, म्हणजे एकही ओळ गळलेली नाही. बँकेत १८,०४० जमा झाले असतील तर ३६० रुपयांचा फरक शुल्काचा आहे, हे पैसे काढल्याच्या पावतीवरून सिद्ध करून ‘शुल्क’ अशी ओळ घालावी. अवर्गीकृत ७०० रुपये एकूण रकमेच्या जवळपास चार टक्के होतात. ते दोन टक्क्यांच्या खाली येईपर्यंत ओळी तपासत राहाव्यात. ही मर्यादा माझी आहे, पण पाळण्यासारखी आहे.

यातून काय वाचावे

आता पिव्होट टेबल घेऊन हक्क ओळींत आणि वापराचे महिने कॉलमांत ठेवावेत. पहिल्यांदा नजरेस येते ती रिकामी जागा. एखाद्या गाण्याला ध्वनिमुद्रणाच्या हक्काचे पैसे दर तिमाहीला येत आहेत आणि रचनेच्या रकान्यात काहीच नाही, याचा बहुधा अर्थ गीतकार-संगीतकार सोसायटीचे सभासद नाहीत किंवा त्या रचनेची नोंद झालेली नाही असा असतो. वर्गवारीतून मिळणारी ही माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची माहिती आहे, कारण तिच्यावर लगेच कृती करता येते. गायक व वादकांच्या बाबतीत असाच रिकामा रकाना इसाम्रा या त्यांच्या संस्थेकडे चौकशी करण्याचे निमित्त ठरतो. मिरजेतील कितीतरी सतारवादक आणि तबलजी दुसऱ्यांच्या ध्वनिमुद्रणात वाजवतात आणि २०१२ च्या दुरुस्तीने व्यावसायिक वापरातील रॉयल्टीवर त्यांचाही हक्क मान्य केलेला आहे.

दुसरी पाहणी दर हजार वेळा ऐकण्यामागे किती मिळाले याची करावी. स्ट्रीम, डाउनलोड, व्ह्यू आणि कॉलर ट्यूनचे ग्राहक यांच्या संख्या एकमेकांत कधीही मिळवू नयेत. दर काढताना एक प्लॅटफॉर्म, एक देश आणि एक वापर-प्रकार एवढ्यापुरताच काढावा. हा दर ठरलेला नसतो. बहुतेक सेवा त्या देशातील त्या महिन्याचे उत्पन्न एकूण ऐकण्याच्या प्रमाणात वाटून देतात, त्यामुळे आपले ऐकणे स्थिर असूनही दर खालीवर होतो. ऐकण्याची संख्या आहे पण रक्कम शून्य, अशा ओळी आढळल्या तर गोंधळून जाऊ नये. स्पॉटिफायने २०२४ पासून मागील बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकले न गेलेल्या ध्वनिमुद्रणाला मास्टरचे पैसे देणे थांबवले आहे. अशा ओळींना ‘मर्यादेखाली’ असे लेबल द्यावे आणि कोणती गाणी त्या रेषेच्या जवळ आहेत ते पाहावे.

तिसरी पाहणी एकवटण्याची. सगळ्यांत जास्त उत्पन्न देणारी तीन गाणी एकूण उत्पन्नाचा किती भाग देतात, आणि ती तिन्ही एकाच हंगामाची आहेत का, हे तपासावे. नव्या ध्वनिमुद्रणावर खर्च करण्यापूर्वी मंडळाने किंवा निर्मात्याने हा आकडा समोर ठेवून बसावे.

वर्गवारीत आढळलेल्या शंका तोंडी न विचारता लेखी विचाराव्यात. पत्रात आयएसआरसी, देश, वापराचा महिना, मूळ फाइलचे नाव, ओळ क्रमांक आणि अपेक्षित व दाखवलेली रक्कम एवढे असले की उत्तर टाळणे समोरच्याला कठीण जाते. लेबलच्या करारात स्टेटमेंटवर हरकत घेण्याची मुदत बहुधा लिहिलेली असते आणि ती संपल्यावर हिशेब मान्य केला असे धरले जाते. म्हणून करारातील ते कलम शोधून त्याची अंतिम तारीख मुख्य यादीच्या पहिल्या शीटवर लिहावी आणि वर्गवारीचे काम त्या तारखेच्या किमान महिनाभर आधी संपवावे.